दगडातले चिलखत

जर्मनीच्या हेसे राज्यात, फ्रँकफुर्ट शहराच्या ईशान्येस, ग्लाउबेर्ग नावाची एक टेकडी आहे. सह्याद्रीतील गडांवर पाय झिजवलेल्या माणसाला ती ठेंगणीच वाटेल. समुद्रसपाटीपासून तिची उंची पावणेतीनशे मीटरही भरत नाही. परंतु भोवतालच्या सपाट, सुपीक शेतजमिनीतून ती एकटीच वर आलेली असल्याने माथ्यावर उभ्या राहणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात सारा मुलूख येतो. या लांबट, सपाट माथ्यावर नवाश्मयुगापासून माणसांनी वस्ती केली, लोहयुगात त्याभोवती तटबंदी उभारली आणि मध्ययुगातही तेथे गढी नांदती ठेवली. गिरिदुर्गाला लागणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे नजर आणि पाणी, तेथे होत्या. माथ्यावर पाणी साठवण्याची सोय असल्याच्या खुणा आजही दिसतात.

या दुर्गाच्या दक्षिण उताराशी असलेल्या शेतात १९८७ साली एक गोष्ट लक्षात आली. स्थानिक इतिहासप्रेमी मंडळींना आकाशातून पाहताना शेतात एक भले मोठे वर्तुळ दिसले. जमिनीवर उभे राहून ते कोणालाही दिसले नसते. जुना खंदक बुजला तरी त्यात भरलेली माती भोवतालच्या मातीहून निराळी असते, ओल अधिक धरते, आणि तेवढ्या पट्ट्यातील पीक निराळ्या रंगाने व उंचीने वाढते. शतकानुशतके नांगर फिरून वरचे टेकाड सपाट झाले होते, पण त्याभोवतालच्या खंदकाची आठवण पिकाने जपून ठेवली होती.

१९९४ साली राज्याच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन सुरू केले. टेकाडाचा व्यास पन्नास मीटरच्या जवळपास, मूळची उंची सहा मीटरांच्या घरात आणि भोवती दहा मीटर रुंदीचा खंदक, असा हा पसारा निघाला. त्याच्याकडे जाणारा, दोन्ही बाजूंस खोल चर खणलेला, सुमारे साडेतीनशे मीटर लांबीचा एक मार्गही आढळला. एवढे मोठे टेकाड ज्याच्यासाठी रचले, तो मधोमध पहुडलेला असणार, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. मधोमध एक खड्डा होताही. परंतु तो रिकामा होता. थडगे लुटणाऱ्यांची दिशाभूल व्हावी म्हणून तो मुद्दाम खणला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तर्क पटण्याजोगा आहे, पण रिकाम्या खड्ड्याला काहीही म्हणता येते, हेही विसरता येत नाही.

खरे दफन निघाले ते केंद्रापासून बाजूला, वायव्येस. साधारण दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा लाकडी कोठडीत एक पुरुष ठेवलेला होता. दरोडेखोरांचा हात तेथपर्यंत कधीच पोचला नव्हता. अभ्यासकांनी जागेवरच घाईने ते उकरले नाही, हे त्यांचे मोठे शहाणपण. कोठडी भोवतालच्या मातीसकट एकसंध उचलून वीसबाडेनच्या प्रयोगशाळेत नेण्यात आली आणि तेथे थरामागून थर, बारीक हत्यारांनी मोकळी केली गेली. त्यामुळे कोणती वस्तू शरीराच्या कोणत्या भागाशी होती, काय कशात गुंडाळले होते, याची नोंद राहिली. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा वस्तूची जागा अधिक बोलते. सोन्याचे कडे बाजारात गेले की ते केवळ तोळ्यांवर मोजायचे सोने उरते. मानेपाशी सापडले तर ते एका माणसाचे असते.

हा माणूस मेला तेव्हा तिशीच्या आसपास होता. काळ इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला, म्हणजे ग्रीसमध्ये हेरोडोटस आपला इतिहास लिहीत होता, साधारण तेव्हाचा. हेरोडोटसने डॅन्यूब नदीच्या उगमाकडील लोकांना ‘केल्ट’ म्हटले आहे, आणि ग्लाउबेर्गच्या माणसालाही अभ्यासक त्याच व्यापक नावाखाली घालतात. त्याच्या गळ्यात सोन्याचे कडे होते, आपल्याकडील हसळीच्या जातीचे, परंतु पुढच्या बाजूस तीन लोलकांसारखी बोंडे असलेले आणि अतिशय नाजूक कोरीवकामाचे. दंडात सोने, बोटात सोने. जोडीला लोखंडी तलवार, भाले, बाणांचा भाता आणि ढाल. वस्त्र अडकवण्याची एक काशाची पिन होती, तिच्यावर विचित्र जनावराची आकृती. आणि चोचीसारखे तोंड असलेली एक काशाची सुरई, कापडात काळजीपूर्वक गुंडाळलेली. सुरईच्या तळाशी राहिलेल्या अवशेषांत फुलांचे परागकण मिळाले, त्यावरून तिच्यात मधापासून केलेले मद्य भरून ठेवले होते असे ठरले. अडीच हजार वर्षांनंतर कापडाचा मागमूस उरावा, हे काशाच्या गंजाचे उपकार. तांब्याचे क्षार जिवाणूंना मारक ठरतात आणि धातूला बिलगलेले कापड किंवा चामडे त्यामुळे टिकून राहते.

येथपर्यंतची कथा श्रीमंत थडग्यांच्या इतर कथांसारखीच आहे. १९७८ साली श्टुटगार्टजवळ होखडोर्फ येथे सापडलेले दफन याहूनही थाटाचे होते. ग्लाउबेर्गचे वेगळेपण १९९६ च्या जून महिन्यात समोर आले. टेकाडाभोवतीच्या खंदकात वालुकाश्माचा एक पूर्णाकृती पुरुष आडवा पडलेला मिळाला. उंची १.८६ मीटर, वजन सुमारे २३० किलो. पावले तेवढी तुटलेली. बाकी सारे शाबूत. दगड दूरचा नव्हता, आसपासच्याच खाणीतला.

हा दगडी पुरुष चिलखत घालून आहे. त्याच्या एका हाती ढाल, उजव्या कमरेला तलवार, ओठांवर मिशी. उजवा हात छातीवर आडवा ठेवलेला. दंडावर कडी, बोटात अंगठी. आणि गळ्यात, तीन बोंडांचे कडे. कोठडीतील मृताच्या मानेपाशी जे सोने होते, त्याचीच दगडात काढलेली जणू नक्कल. उत्खननाच्या ठिकाणी त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. प्राचीन युरोपात मूर्ती सापडतात, थडगीही सापडतात. पण एकाच टेकाडाशी, एकमेकांशी दागिन्यागणिक जुळणारे असे दोघे मिळणे जवळजवळ अनपेक्षित. वृत्तपत्रांनी त्याला लगेच ‘केल्टिक राजपुत्र’ म्हटले, आणि ते नाव आजही पर्यटनाच्या फलकांवर आहे.

परंतु दोन वह्या ताडून पाहायच्या तर ओळ न् ओळ ताडावी लागते. कडे जुळले, तलवार जुळली, ढाल जुळली, अंगठी जुळली. चिलखताच्या ओळीशी मात्र बोट थांबते. दगडी पुरुषाच्या अंगावर ते ठळक आहे. कोठडीतल्या माणसाच्या अंगावर ते मिळाले नाही. नोंद आहे, पण तिजोरीत वस्तू नाही.

हे चिलखत दगडात कसे दिसते, ते पाहण्याजोगे आहे. ते धातूच्या पत्र्याचे नव्हे. खांद्यांवरून पुढे येणारे दोन पट्टे, पाठीकडून मानेला आधार देणारी उभी पट्टी, अंगभर चौकटींची नक्षी. ग्रीक व इटलीतील योद्धे लिननचे थर किंवा चामडे शिवून जे चिलखत करीत, त्याच घडणीचे. पाँपेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध चित्रजडित फरशीत अलेक्झांडरच्या अंगावर असेच चिलखत दाखवले आहे; ती फरशी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ग्लाउबेर्गच्या शिल्पकाराने मूर्तीची पाठसुद्धा तितक्याच आस्थेने घडवली आहे. जो भाग लोकांना क्वचितच दिसणार, तेथेही पट्टे कोठे जोडले आहेत हे त्याने दाखवले. ऐकीव माहितीवर हे साधत नाही. त्याने असे चिलखत जवळून पाहिले होते, कदाचित हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले होते.

मग थडग्यात ते का नाही? साधे उत्तर असे की कापड आणि चामडे मातीत कुजले. हे उत्तर बहुधा बरोबरही असेल. सुरईचे कापड टिकले ते काशाला बिलगून होते म्हणून. छातीवरच्या लिननला तसा आधार नव्हता. परंतु दुसरी शक्यता तितकीच सरळ आहे. ते चिलखत त्याच्याबरोबर पुरलेच नसेल. भूमध्य सागराकडून आल्प्स ओलांडून आलेली वस्तू दुर्मीळ आणि मौल्यवान असणार. वारसाने ती काढून ठेवली असेल. सोने मृताला द्यायचे आणि चिलखत जिवंत माणसाने ठेवायचे, हा हिशेब कोणत्याही काळच्या घरात समजण्याजोगा आहे. तिसरी शक्यता अधिक अवघड: चिलखत या माणसाचे नव्हतेच, ते मूर्तीचे होते. म्हणजे सन्मान्य पूर्वज कसा दिसावा, याचा एक ठरलेला नमुना होता आणि त्या नमुन्याच्या अंगावर चिलखत असे. तिघांपैकी एकाला ठामपणे बाद करील असा पुरावा त्या कोठडीत नाही.

तिसऱ्या शक्यतेला बळ देणारी एक छोटी वस्तू मात्र त्याच कोठडीत होती. काशाच्या सुरईच्या काठावर, मुठीपाशी, दोन काल्पनिक श्वापदांच्या मध्ये एक बोटभर पुरुष मांडी घालून बसलेला आहे, आणि त्याच्याही अंगावर दगडी पुरुषाच्या चिलखताची आठवण करून देणारे वस्त्र आहे. या मासिकाच्या वाचकाने ते छायाचित्र पाहिले, तर मांडी घातलेली ती स्थिर आकृती आणि दोहो बाजूंचे प्राणी पाहून त्याच्या मनात पहिल्यांदा काय येईल, हे सांगायला नको. मंदिरातील पद्मासनस्थ प्रतिमा लहानपणापासून डोळ्यांत बसलेली असते. पण नेमके येथेच सावध राहावे लागते. जमिनीवर बसणाऱ्या समाजात मांडी ही साधी बैठक आहे. दक्षिण फ्रान्समधील रोकपेर्त्यूझ येथे अशाच मांडी घातलेल्या दगडी आकृती मिळाल्या आहेत. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या पात्रावरही तशी आकृती आहे. केल्टिक आकृतीचा अर्थ केल्टिक आकृतींच्या शेजारी ठेवूनच लावला पाहिजे. आपल्या घरातली खूण परक्या घरात दिसली म्हणजे ते घर आपले होत नाही.

हीच चूक युरोपीय अभ्यासकांच्या हातूनही झाली, आणि ती अधिक विद्वत्तेने झाली. दगडी पुरुषाच्या डोक्यावर एक विलक्षण गोष्ट आहे: टोपडीसारखे आवरण आणि त्यातून दोन्ही बाजूंस, मोठ्या कानांसारख्या, वर उठलेल्या दोन फुगीर पाकळ्या. त्यांना बांडगुळाची पाने मानतात. रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे की गॉल देशातील पुरोहित ओकवरील बांडगूळ पवित्र मानत, पांढरी वस्त्रे घालून ते सोन्याच्या कोयत्याने कापत आणि दोन पांढरे बैल बळी देत. एवढा धागा मिळताच ग्लाउबेर्गचा योद्धा काहींच्या लेखणीतून पुरोहितही झाला. परंतु प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. ७९ साली व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो गेला. त्याच्यात आणि या दगडी पुरुषात पाच शतकांचे अंतर, शिवाय देशही निराळा. पेशवाईतील एखाद्या सरदाराचे मन यादवकालीन शिलालेखावरून ओळखू पाहावे, तसे हे. शिवाय पानांचा हा मुकुट एकट्या ग्लाउबेर्गचा नाही. हायडेलबेर्गला सापडलेल्या दगडी मस्तकावर तो आहे, फाल्सफेल्डच्या कोरीव स्तंभावरील चेहऱ्यांनाही आहे. म्हणजे ती मोठेपणाची सर्वत्र समजणारी खूण होती, एवढेच खात्रीने म्हणता येते. तो मोठेपणा राजाचा, पुरोहिताचा, पूर्वजाचा की देवाचा, हे पाने सांगत नाहीत.

टेकाडाजवळ लाकडी खांबांचे सोळा खड्डे मिळाले, तेव्हा खगोलशास्त्राकडून आणखी एक अर्थ आला. लांब मार्गाची दिशा चंद्राच्या अतिदक्षिण उदयाकडे रोखलेली आहे, असे म्हटले गेले. तो उदय सुमारे १८.६ वर्षांनी एकदाच येतो. त्यावरून खंदक, चर आणि खांब मिळून ते एक प्रचंड पंचांग असल्याची मांडणी झाली. मांडणी देखणी आहे. मात्र सोळाही खांब एकाच काळी उभे होते हे गृहीत धरल्याशिवाय ती उभी राहत नाही, आणि खड्ड्यात खांब होता एवढे कळले म्हणजे तो शेजारच्या खांबाचा समकालीन होता हे कळत नाही.

आपल्याकडे गावोगावी वीरगळ उभे आहेत. त्यांचा अर्थ लावणे तुलनेने सोपे जाते. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंचे रक्षण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेत आहेत, वर तो देवापुढे हात जोडून बसला आहे आणि माथ्यावर चंद्रसूर्य. परंपरा खंडित झाली नाही, अनेक वीरगळांवर लेखही आहेत. त्यामुळे नावगाव नाही कळले तरी काय घडले ते कळते. ग्लाउबेर्गच्या लोकांनी स्वतःविषयी एक अक्षर मागे ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते परक्यांनी, बहुधा शत्रूंनी, आणि पुष्कळ काळानंतर.

‘राजपुत्र’ या शब्दाला सर्वांत मोठा धक्का मात्र खुद्द त्या खंदकातूनच बसला. पूर्ण मूर्ती मिळाली त्याच परिसरात तशाच घडणीच्या मूर्तींचे १३० हून अधिक तुकडे सापडले. ते जुळवून पाहता आणखी तीन मूर्ती होत्या, असे दिसते. म्हणजे चिलखतधारी एक नव्हता, चार होते. चौघेही सारखे. मग पहिली मूर्ती कोठडीतल्या माणसाचे चित्र आहे, हे म्हणणे कितपत टिकते? त्याच्या कड्याशी मूर्तीचे कडे जुळते हे खरे. पण कदाचित मूर्तीने माणसाचे कडे घेतले नसून माणसाने मूर्तीचे कडे घेतले असेल. तेथे पिढ्यान् पिढ्या पूर्वजांच्या चार प्रतिमा पूजिल्या जात असतील आणि मेल्यावर त्यांच्यात सामील व्हावे म्हणून या तरुण पुरुषाला त्यांच्यासारखे सजवले असेल. हा अर्थ सिद्ध झालेला नाही. तरीही एकाच मूर्तीवर विसंबलेल्या राजपुत्रापेक्षा तो चारही मूर्तींचा हिशेब देतो, ही त्याची जमेची बाजू.

मूर्ती पाडल्या कोणी, हाही प्रश्न उरतोच. तिघांचे तुकडे तुकडे झाले आणि चौथा केवळ पावले गमावून खंदकात शाबूत राहिला. शत्रूने गड घेतला आणि पूर्वजांचा अपमान केला असेल. किंवा घराणे संपल्यावर नव्या धन्याला जुने चेहरे नको झाले असतील. चौथी मूर्ती कोणी हळूच आडवी करून ठेवली असेल, असे काहींना वाटते. वाटायला हरकत नाही.

या सगळ्या चर्चेत एका माणसाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्याच टेकाडात, आग्नेयेकडे, दुसरे दफन होते. तोही पुरुष, तोही प्रौढ, त्याच्याजवळही तलवार आणि भाला, त्याच्याही सोबत काशाची सुरई आणि तिच्यात मधाचे मद्य. परंतु त्याला अग्नी दिला होता. दहनानंतरच्या अस्थी लाकडी द्रोणीसारख्या पात्रात ठेवून पुरल्या होत्या. एक पुरलेला, एक जाळलेला, आणि दोघांवर एकच माती. भाऊ होते, पितापुत्र होते, की दोन निराळ्या विधींना मानणाऱ्या दोन घराण्यांत झालेला तह त्या टेकाडाने पाळला, हे कळण्याचा मार्ग नाही. त्याच्याजवळ तीन बोंडांचे सोन्याचे कडे नव्हते, म्हणून त्याला कोणी राजपुत्र म्हटले नाही. काही अंतरावर, नांगराने पुरते पुसून टाकलेल्या दुसऱ्या लहान टेकाडात आणखी एका योद्ध्याच्या जळालेल्या अस्थी मिळाल्या. दफने तीन, मूर्ती चार. ताळा जमत नाही, आणि न जमणारा ताळा ओढून जुळवण्यापेक्षा तसाच लिहून ठेवणे बरे.

२०११ साली दुर्गाच्या उतारावर गंजक्या रंगाच्या पोलादी पत्र्यांचे संग्रहालय उभे राहिले. त्याची मोठी काच टेकाडाकडे तोंड करून आहे. टेकाड आता पुन्हा मातीने रचून मूळच्या उंचीला नेले आहे, खंदक खणून दाखवला आहे, खांबही उभे केले आहेत. दगडी पुरुष आत आहे, पावले नसल्याने आधारावर उभा. उजवा हात छातीवरच्या चिलखतावर ठेवलेला. येणारे लोक त्याच्यासमोर बराच वेळ थांबतात. जाळलेल्या माणसाची सुरईही तेथे आहे.